कॉलेजमध्ये 'आपापल्या गतीने शिका' ही पद्धत खरंच चालते का?

तुम्ही विचारलंय की मुलगी ठाण्यात एफवायला आहे, कॉलेजने एक पेपर सेल्फ-पेस्ड ठेवलाय, व्हिडिओ सवडीने बघायचे आणि शेवटी क्विझ द्यायची, तर यातून खरंच शिकणं होतं का आणि तिला घेऊ द्यावा का. पद्धत चालते, मी स्वतः चालवलीय. पण तुम्ही सांगताय ती ती पद्धतच नाही, आणि नेमकं यावरूनच माझं आमच्या एचओडींशी (विभागप्रमुखांशी) वाजलं होतं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मूळ कल्पना फ्रेड केलर या अमेरिकन मानसशास्त्राच्या प्राध्यापकांची. दुसऱ्या महायुद्धात ते सैनिकांना मोर्स कोड शिकवण्याच्या कामात होते. तिथे सिग्नल ऐकायचा, अक्षर लिहायचं आणि लगेच बरोबर अक्षर कानावर यायचं, चूक दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच पडून राहायची नाही. पुढे १९६४ च्या सुमारास ब्राझीलच्या राजधानीत, ब्राझीलियात, नव्या युनिव्हर्सिटीत सहकाऱ्यांबरोबर त्यांनी कोर्स असाच बांधला आणि १९६८ साली त्यावर लेख लिहिला. कोर्सचे छोटे युनिट पाडायचे, एक युनिट पक्कं झाल्याशिवाय पुढचं मिळणार नाही, टेस्ट चुकली तर मार्क कापायचे नाहीत, आणि पेपर समोर बसून तपासायला तो कोर्स आधी चांगला केलेला विद्यार्थी. लेक्चर फक्त गोडी लावायला. गती आपापली, हा त्यातला फक्त एक भाग आहे हो, आणि आजकाल कॉलेजं तेवढाच उचलतात कारण त्याला माणूस लागत नाही.

मी नवी मुंबईतल्या एका डिप्लोमा कॉलेजात फर्स्ट सेमला बेसिक मॅथ्स शिकवायचे. निम्मी पोरं दिघा, रबाळे, कळवा इकडची, बरीचशी मराठी मिडियमची, दहावीला चांगले मार्क आणि इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात गप्प. फळ्यावर माझे डिटर्मिनंट चाललेले असायचे आणि मागच्या बाकावर लॉगरिदमच कळलेलं नसायचं, पण सिलॅबस पुढे जातोय म्हटल्यावर विचारणार कोण. म्हणून मी एका डिव्हिजनला केलर पद्धतीने युनिट काढले, शीट स्वतः मराठी-इंग्लिश मिसळून लिहिल्या, झेरॉक्स काढल्या आणि सेकंड इयरच्या काही मुलामुलींना तपासायला बसवलं. एक मुलगा लॉगच्या पहिल्याच टेस्टला अडकला, log(a+b) म्हणजे log a + log b असंच लिहायचा, पुन्हा नवीन शीट, पुन्हा तेच. मी त्याला नियम (log a + log b म्हणजे log(a×b)) दोनदा सांगितला होता, काही उपयोग नाही. समोर बसलेल्या सेकंड इयरच्या मुलीने नियम सांगितलाच नाही, विचारलं, लॉग १० किती रे? एक. मग लॉग १० अधिक लॉग १०? दोन. आणि दोन हा कशाचा लॉग? शंभरचा. मग १० आणि १० मिळून १०० होतात का? तो पोरगा शीटकडे बघत राहिला आणि मग स्वतःच्याच हाताने मागची सगळी उत्तरं खोडायला लागला. त्यानंतर त्याने ती चूक माझ्यासमोर तरी कधी केली नाही, आणि पार्शल फ्रॅक्शनला तर तोच शेजारच्याला समजावत होता.

एचओडींचं म्हणणं, प्रत्येक मुलगा वेगळ्या पानावर, इन्स्पेक्शनला टीचिंग प्लॅन काय दाखवायचा? आणि मग, मॅडम, एवढी पोरं सगळं बरोबर सोडवतायत म्हणजे तुमच्या टेस्ट सोप्या आहेत. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, आपल्या मुलांना मोकळीक झेपत नाही. पुढच्या वर्षी मला दुसऱ्या ब्रँचला टाकलं आणि विषय संपवला. मी तेव्हाही म्हटलं होतं, आजही म्हणते, निम्मा वर्ग केटी (नापास विषय) घेऊन बाहेर पडतो तेव्हा पेपर बरोबर आणि सगळ्यांना आलं की पेपर सोपा, हा कुठला न्याय? केलरच्या कोर्सेसवरही नेमका हाच आक्षेप आला होता, ए ग्रेड फार जातात म्हणून. १९७९ मध्ये कुलिक नावाच्या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी अशा ७५ अभ्यासांचे आकडे एकत्र केले तर नेहमीच्या वर्गापेक्षा फायनलचे मार्क सरासरी ८ टक्क्यांच्या आसपास जास्त निघाले, आणि मुलांचा अभ्यासाचा वेळ काही वाढलेला नव्हता.

आता हे पण सांगते, चालढकल होते. खूप होते. गणपती-दिवाळी पकडून पोरं युनिट मागे टाकतात आणि सेमिस्टर परीक्षेची तारीख काही त्यांच्यासाठी थांबत नाही, त्यामुळे मी प्रत्येक युनिटला शेवटची तारीख लावायचे, अगदी मोकळं सोडलं नाही. शीट बनवायचं काम पण प्रचंड असतं, एकट्या शिक्षकावर टाकलं तर तो दुसऱ्या वर्षी सोडून देईल. आणि ड्रॉइंग किंवा वर्कशॉपला हे कितपत बसेल, मी करून पाहिलेलं नाही.

तुमच्या मुलीचं म्हणाल तर कॉलेजात जाऊन दोनच गोष्टी विचारा. क्विझ चुकली तर पुढचं युनिट उघडतं का? आणि चूक का झाली हे तिच्यासमोर बसून कोण सांगणार, कुठल्या वेळेला, कुठल्या खोलीत? उघडतं म्हणाले आणि माणसाचं नाव सांगता आलं नाही तर घेऊ नका, नेहमीच्या वर्गातला पेपर घ्या, तिथे निदान शेजारच्या बाकाला तरी विचारता येतं. फॉर्म आधीच भरून झाला असेल तर वरच्या वर्गातली एखादी ताई शोधा, आठवड्यातून एकदा लायब्ररीत बसू दे, आणि मुलीकडून पेन-कागदावर सोडवून घ्या.