गट बांधतेयस? आधी तिकिटाचं बघ

ग्रहविज्ञानाचा देशपातळीवरचा गट उभा करतेयस, छान. पण पहिली यादी अहमदाबादच्या पीआरएल या भौतिक संशोधन प्रयोगशाळेची आणि बंगळुरूच्या मंडळींची करू नकोस. ते आपोआप येतात. बुलढाण्याकडच्या एखाद्या कॉलेजात भूशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना आधी फोन कर. साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं लोणारचं विवर त्यांच्या अंगणातच आहे. उल्काघाताने बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हारसाच्या काळ्या खडकात झालेलं, चंद्रावरच्या विवरांशी ताडून बघण्याजोगं असं विवर जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

प्रवासखर्च आधी दे. ‘बिलं जोडा, नंतर मिळतील’ म्हटलं की शिष्यवृत्ती रखडलेला विद्यार्थी गळतोच. मीही एकदा उसने पैसे घेऊन परिषदेला गेलो होतो. परतावा आला सात महिन्यांनी!

चांद्रयान-२ ची निरीक्षणं इस्रोच्या ‘प्रदान’ पोर्टलवर नोंदणी केली की फुकट मिळतात. अडतं ते फाइल उघडताना. म्हणून भाषणं कमी ठेव आणि दोन दिवस हाताला धरून शिकव. प्रश्न मराठीत, तमिळमध्ये आला तरी चालेल, हे सुरुवातीलाच सांग. आणि पाळणाघर. ते नसलं की कोण येत नाही, ते तुला सांगायला नको.