पाणी येतंय, तरी डोळे कोरडे?

प्रश्न : वय ५२, बँकेत नोकरी. दीड वर्षापासून डोळ्यांत रेती गेल्यासारखं खुपतं, दुपारनंतर अक्षरं पुसट दिसतात, पापण्यांची उघडझाप केली की पुन्हा साफ. स्कूटरवर तर घळाघळा पाणी वाहतं. तपासणीत ‘डोळे कोरडे आहेत’ असं सांगितलं. पाणी वाहत असताना डोळे कोरडे कसे? दिवसातून सहा वेळा थेंब टाकते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. (वाचक, नाशिक)

उत्तर : निदान बरोबर असावं. डोळ्यावरचा ओलावा म्हणजे नुसतं पाणी नव्हे. पाण्याला डोळ्यावर धरून ठेवायला खाली चिकट द्रव असतो आणि ते उडून जाऊ नये म्हणून वर तेलाची पातळ साय. हे तेल पापण्यांच्या काठातल्या ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत अशा साधारण २५ ते ४० ग्रंथी असतात, खालच्या पापणीत २० ते ३०. त्यांचं तेल घट्ट झालं की साय नीट धरत नाही, पाणी काही सेकंदांत उडतं आणि डोळा झोंबतो. मग अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. पण ते वळवाच्या पावसासारखं, गालावरून वाहून जातं, मुरत नाही. वारा लागला की हे जास्त होतं, म्हणून स्कूटरवर त्रास. काचेचं हेल्मेट किंवा कडेने बंद असलेला चष्मा वापरा.

तुमचा दोष पाण्याचा की तेलाचा, हे आधी कळायला हवं. पापणीत गाळणकागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं ठेवतात. ती १० मिलिमीटर किंवा जास्त भिजली तर पाणी बहुधा पुरेसं आहे, ५ च्या आत भिजली तर नक्की कमी. दुसऱ्या चाचणीत पिवळा रंग घालून ओलावा किती सेकंदांत फाटतो ते मोजतात, १० सेकंदांच्या आत फाटला तर तो टिकत नाही. डॉक्टरांना हे दोन्ही आकडे लिहून मागा. पापणी हलकेच दाबल्यावर काय येतं, हेही विचारा. निरोगी तेल उन्हाळ्यातल्या खोबरेलासारखं स्वच्छ असतं. दोष असेल तर टूथपेस्टसारखं घट्ट येतं, कधी काहीच येत नाही.

गोठलेलं खोबरेल आपण ऊन पाण्यात धरतो, इथेही तेच करायचं. फक्त बहुतेकजण शेक अर्धवट देतात. ओला रुमाल दोन मिनिटांत निवतो, म्हणून दर दोन मिनिटांनी तो पुन्हा गरम पाण्यात बुडवून पिळा किंवा गरम करता येणारा डोळ्यांचा मास्क घ्या. मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल इतकी, म्हणजे ४० अंशांच्या आसपास ऊब, सलग दहा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. लगेच, तेल पातळ आहे तोवर, स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, केसांच्या मुळांच्या दिशेने पाच-दहा वेळा चोळा. बुबुळावर दाब देऊ नका. मग ओल्या कापसाने पापण्यांचा काठ पुसा. चार दिवसांत फरक पडणार नाही, चार ते सहा आठवडे धरा.

आता थेंब. बाटलीवर ‘बेन्झाल्कोनियम क्लोराईड’ लिहिलंय का ते पाहा. थेंब खराब होऊ नयेत म्हणून घातलेलं हे टिकाऊ द्रव्य वारंवार डोळ्यात गेलं तर डोळ्याच्या पृष्ठभागालाच इजा करतं. चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर टिकाऊ द्रव्याविना मिळणारे घ्या. एका वेळी एकच थेंब पुरे, दुसऱ्याला डोळ्यात जागाच नसते. ‘लाली घालवणारे’ थेंब मात्र नकोत, ते सोडले की लाली आणखी वाढते.

एसीचा झोत तोंडावर येत असेल तर खुर्ची हलवा. मॉनिटर नजरेच्या थोडा खाली ठेवा, म्हणजे डोळा कमी उघडा राहतो. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा होणारी उघडझाप पडद्यासमोर निम्म्यावर येते आणि तीही अर्धवट. दर वीस मिनिटांनी पापण्या पूर्ण मिटून दहा वेळा उघडझाप करा.

प्रश्न : गुलाबजल, मध किंवा काजळाने फायदा होतो का? (वाचक, सांगली)

उत्तर : नाही. गुलाबजल आणि मध निर्जंतुक नसतात. काजळ पापणीच्या आतल्या काठावर लावलं की नेमकी त्या तेलग्रंथींचीच तोंडं बुजतात.

प्रश्न : वय ४४. सायक्लोस्पोरिन ०.०५ टक्के थेंब तीन आठवडे घेतेय. झोंबतात, फरक शून्य. त्याआधी दिलेल्या स्टेरॉइडने दोन दिवसांत बरं वाटलं होतं, तेच आणू का? तोंडही कोरडं असतं, भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय गिळत नाही, सकाळी बोटं आखडतात. (वाचक, पुणे)

उत्तर : स्टेरॉइड स्वतःहून आणू नका. डॉक्टर ते दोन-चार आठवड्यांपुरतं देतात, कारण लांबलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. सायक्लोस्पोरिन आतली सूज हळूहळू उतरवतं, पूर्ण परिणामाला तीन ते सहा महिने लागतात. झोंबणं सोसत नसेल तर आधी कृत्रिम अश्रूंचा थेंब टाकून पंधरा मिनिटं थांबा.

पण तुमच्या पत्रातली महत्त्वाची ओळ शेवटची आहे. डोळे, तोंड आणि सांधे एकत्र आले की शोग्रेन विकाराची शंका घ्यावी लागते. यात शरीराची प्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवरच उलटते. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. संधिवाततज्ज्ञांना दाखवा, ते रक्तात ‘रो’ प्रतिपिंडं तपासतील. ती नसली तरी विकार नाही असं ठरत नाही, गरज पडल्यास ओठाच्या आतला छोटा तुकडा तपासतात. जाताना चालू गोळ्यांची यादी न्या. सर्दीच्या सेटिरिझिनसारख्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनीही डोळे-तोंड कोरडं पडतं. दातांच्या डॉक्टरांकडेही जाऊन या, लाळ कमी झाली की दात झपाट्याने किडतात.