16 जीबी रॅममध्ये ग्रँडऑर्गवर (कॉम्प्युटरवर पाइप ऑर्गन वाजवायचं सॉफ्टवेअर) मोठा वेट सॅम्पल सेट (चर्चच्या घुमाऱ्यासकट रेकॉर्ड केलेले ऑर्गनच्या पाइपांचे सूर) बसेल का? वेंगुर्ल्यातला माझा पीसी गोठतो आणि आवाज तुटतो.

बसेल, पण 24 बिटमध्ये पूर्ण सेट लोड करायचा हट्ट सोडावा लागेल. ग्रँडऑर्ग सगळे सॅम्पल आधी रॅममध्ये भरतो, आणि रॅम संपली की विंडोज रॅमऐवजी डिस्कवरची संथ पेजफाइल वापरायला लागते. तुमचं मशीन गोठतं आणि आवाज तुटतो ते त्यामुळेच. सेटिंग्जमध्ये मेमरी लिमिट 13 जीबीच्या आसपास ठेवा, म्हणजे विंडोजला जागा राहील. मग सॅम्पल साइज 24 वरून 16 बिट करा. एवढ्यानेच एक तृतीयांश जागा सुटते आणि घरच्या स्पीकरवर फरक कळणं कठीण. लॉसलेस कम्प्रेशन चालू करा. प्रोसेसरवर थोडा भार येतो, आवाज तोच राहतो. तरी बसेना तर सगळ्या लूपऐवजी (लूप म्हणजे कळ दाबून धरली की पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) एकच लूप घ्या.

रिलीज सॅम्पलना, म्हणजे कळ सोडल्यावर वाजणाऱ्या आवाजांना, मात्र शेवटी हात लावा. वेट सेटमध्ये चर्चच्या घुमाऱ्याची शेपटी त्यांच्यातच असते. प्रत्येक पाइपला एकच रिलीज ठेवलीत तर तुटक वाजवलेल्या सुरामागे लांब सुराची शेपटी येते, आणि ते लगेच खटकतं.

सेटिंग ठरल्यावरच कॅशे (लोड केलेल्या सेटची डिस्कवरची तयार प्रत) बनवा, नंतर बदललंत तर तो पुन्हा बनवावा लागतो. कॅशे एसएसडीवर हवा. वेंगुर्ल्यात पावसाळ्यात लाइट जाणारच, आणि दर वेळी सेट नव्याने लोड होणार. कॅशे असला की ते काम बरंच लवकर उरकतं. तो बनत असताना तरी पीसी यूपीएसवर असू द्या.