पिढी बदलली म्हणायची कशावरून?

प्रश्न: कासारवडवलीत आम्ही २२व्या मजल्यावर राहतो. फोनवर ५जी दिसतं, कांड्याही भरलेल्या असतात, पण वेग जुन्या ४जीइतकाच. खाली गेटपाशी मात्र दुप्पट मिळतो. मग ही नवी पिढी कशाची? (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर: तुमच्या फोनला किती वेग मिळतो, यावर पिढी ठरत नाही. जिनिव्हाचा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ, म्हणजे आयटीयू, आधी अटी छापतो आणि आलेली तंत्रज्ञानं त्या अटींवर तपासतो. ३जीच्या अटी आयएमटी-२०००, ४जीच्या आयएमटी-ॲडव्हान्स्ड, ५जीच्या आयएमटी-२०२०. या शेवटच्या संचात आदर्श स्थितीत डाउनलोडचा कमाल वेग सेकंदाला २० गिगाबिट, दाट शहरी वस्तीत ग्राहकाच्या पदरात १०० मेगाबिट, अतितातडीच्या कामांसाठी रेडिओचा विलंब १ मिलिसेकंद आणि एका चौरस किलोमीटरमध्ये १० लाख उपकरणं, अशा अटी आहेत. ताशी ५०० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीतही संपर्क टिकला पाहिजे. मात्र हे सगळं एकाच टॉवरवर, एकाच वेळी मिळालं पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही, आणि जाहिरातवाले नेमकं तेवढंच गाळतात.

पाटी आणि परीक्षा यांची फारकत जुनीच आहे. आयटीयूने ऑक्टोबर २०१०मध्ये ४जीसाठी दोनच तंत्रं पास केली: एलटीई-ॲडव्हान्स्ड आणि वायरलेसमॅन-ॲडव्हान्स्ड. साधं एलटीई, म्हणजे एलटीई-ॲडव्हान्स्डच्या आधीचं रूप, त्यात नव्हतं. पण कंपन्या ते ४जी म्हणून विकून मोकळ्या झाल्या होत्या. डिसेंबरात आयटीयूनेच जाहीर केलं की या आधीच्या तंत्रांनाही ४जी म्हणायला हरकत नाही. आमच्या मते तिथेच ‘जी’चा कस उतरला.

आता २२वा मजला. टॉवरचे अँटेना रस्त्याकडे किंचित झुकवलेले असतात, त्यामुळे उंच मजला मुख्य झोताच्या वर राहतो. शिवाय तिथून आसपासचे पाच-सहा टॉवर एकदम ‘दिसतात’ आणि त्यांचे सिग्नल एकमेकांत मिसळतात. कांड्या मोजतात जोर, स्वच्छपणा नाही. जोराचा आकडा आरएसआरपी: उणे ८५ चांगला, उणे ११०च्या खाली रडकथा. स्वच्छपणाचा एसआयएनआर: २०च्या वर उत्तम, शून्याच्या आसपास गोंगाट. आरएसआरपी उणे ८५ आणि एसआयएनआर २ असेल तर दोष फोनचा नाही, सिमचाही नाही. ज्या खिडकीतून कमी टॉवर दिसतात तिथे बसून पाहा. एसआयएनआर ८-१०ने वाढला तर वेगही वाढेल.

प्रश्न: चिन्ह ५जीचं, पण फोन खरंच ५जीवर आहे हे कसं ओळखायचं? (ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर: बऱ्याच अँड्रॉइड फोनवर डायलरमध्ये *#*#४६३६#*#* टाइप केलं की ‘फोनची माहिती’ उघडते. काही कंपन्यांनी ती बंद केली आहे. डेटा नेटवर्कसमोर एनआर (५जीच्या रेडिओचं तांत्रिक नाव) असेल तर ते स्वतंत्र ५जी. एलटीई, म्हणजे ४जी, लिहिलं असून खाली एनआर स्टेट ‘कनेक्टेड’ असेल तर ४जीच्या आधारावर चालणारं ५जी. देशात १ ऑक्टोबर २०२२ला सेवा सुरू झाली तेव्हा एअरटेलने हा दुसरा मार्ग धरला, जिओने पहिला.

दुसऱ्या मार्गात एक गंमत आहे. ४जीचा टॉवर ‘माझ्याकडे ५जीची सोय आहे’ अशी सूचना सतत प्रसारित करतो. काही फोन तेवढ्यावरच चिन्ह दाखवतात, त्या क्षणी सगळा डेटा ४जीवरून वाहत असला तरी. म्हणून एखादी मोठी फाइल उतरवायला लावा आणि ती उतरत असतानाच एनआर स्टेट पाहा. फोन नुसता पडून असताना पाहून काही कळत नाही.

ऑफिस काचेच्या इमारतीत असेल तर आणखी एक अडचण. उष्णता अडवणाऱ्या काचेवर धातूचा पातळ थर असतो, तो ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी बऱ्याच परतवतो. ७०० मेगाहर्ट्झ भिंतींतून बरंच आत शिरतं, पण त्यात वेग बेताचा. फोन घेण्याआधी त्याच्या यादीत एन७८ (३३००चा) आणि एन२८ (७००चा) हे दोन्ही बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, आहेत ना, ते बघा.

प्रश्न: ‘६जी रेडी’ राउटर घ्यावा का? (खारघर, नवी मुंबई)

उत्तर: नको. ६जीची चौकट, आयएमटी-२०३०, आयटीयूने २०२३मध्ये मंजूर केली. मानक अजून व्हायचं आहे. खोक्यावरचा ६ बहुधा वाय-फाय ६चा असतो आणि त्याचा मोबाइलच्या पिढीशी काडीचा संबंध नाही.