ग्रहाची काळी बाजू काळीच राहू दे

तू संगणकावर काढलेलं अवकाशातल्या ग्रहाचं चित्र काल रात्री मोठं करून पाहिलं गं. रंग सुरेख उतरलेत. पण ग्रहाच्या अंधाऱ्या भागात तीन तारे चमकतायत. तिथे ग्रहच आड आलाय, मग ते दिसतील कसे? ते आधी पूस.

वातावरणाची निळी कडही फार जाड झालीय. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७४२ किलोमीटर, वातावरण धरलं १०० किलोमीटर, तर १,००० पिक्सेल व्यासाच्या गोलावर ती कड जेमतेम ८ पिक्सेलची. बारीक ब्रश घे, सूर्याच्या बाजूलाच उजळ ठेव. बडोद्याच्या कमाटीबागेतून परतताना चंद्रकोर दुर्बिणीतून बघ. उजेड-अंधाराची सीमा कशी धारदार दिसते! तिथे हवा नाही. तुझ्या ग्रहावर आहे, म्हणून ती मऊ हवी.

तारे फिके पुष्कळ, ठळक मोजके.

आणि कुणी चूक दाखवली की लगेच "मला तसंच हवं होतं" म्हणू नकोस. फाइलची प्रत काढ, सुचवलेला बदल वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरावर, करून बघ, दोन्ही शेजारी ठेव. पटलं नाही तर खुशाल सोडून दे. नुसतं "मस्त" म्हणणाऱ्याला मात्र जरूर विचार, नजर आधी कुठे गेली?