ड जीवनसत्त्व सुरू करताय? आधी एवढं बघा
उत्साह चांगलाच आहे, पण ड, झिंक, सी वगैरे पूरक गोळ्यांच्या चार डब्या एकदम उघडू नका. आधी रक्तातलं २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (शरीरात ड किती आहे ते दाखवणारा घटक) तपासून घ्या.

नवीन माणसं हमखास इथे चुकतात:

- आठवड्याची गोळी रोज घेतात. पाकिटावरचा आकडा नीट वाचा. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं. अति झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळ होते, मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. रोज ४००० आययूच्या (जीवनसत्त्व मोजायचं एकक) वर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नका.
- रिकाम्या पोटी घेतात. जेवणासोबत घ्या, थोडा स्निग्धांश हवा.
- बंद खिडकीतल्या उन्हावर विसंबतात. त्वचेत ड तयार व्हायला लागणारे उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण काच अडवते.

झिंकही महिनोन्‌महिने जास्त घेतलं तर शरीरातलं तांबं घटतं. सी जीवनसत्त्व फळांतूनच मिळू द्या. बाकीचं सगळं नंतर. रिपोर्ट आला की नक्की सांगा.