कॉलेज सोडायचंय? आधी अर्ज, मग बाकीचं

शिक्षण मध्येच थांबवलं तर भरलेल्या फीचं, कर्जाचं आणि शिष्यवृत्तीचं काय होतं, या विषयावर सातारा-सांगली भागातून आलेल्या तीन पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत. नावं गाळली आहेत.

मुलाला विनाअनुदानित कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स एन्टायरला घातलं. वर्षाची फी 48,000 रुपये एकदम भरली, त्यात 3,000 अनामत. तीन आठवड्यांत त्याचं मन उडालं आणि त्यानं जाणं बंद केलं. आता ऑफिसात सांगतात, फी परत मिळत नाही. दाखला हवा असेल तर उरलेल्या दोन वर्षांची फी भरा. खरं काय?
*एक पालक, कोरेगाव*

उरलेल्या वर्षांच्या फीची मागणी सरळ झिडकारा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेनुसार ज्या सत्राचं किंवा वर्षाचं शिक्षण चालू आहे, तेवढीच फी आगाऊ घेता येते. मूळ गुणपत्रिका आणि दाखले अडवून ठेवायलाही तिथं मनाई आहे.

फी परत मिळण्याचं गणित मात्र तारखेवर चालतं, आणि इथंच बहुतेक पालक फसतात. मुलगा वर्गात जायचा कधी थांबला, याला काही किंमत नाही. प्रवेश रद्द करण्याचा लेखी अर्ज कॉलेजला कधी मिळाला, तो दिवस धरतात. तुमच्या पत्रात अर्जाचा उल्लेखच नाही, तेव्हा हे उत्तर वाचून झालं की पहिलं काम ते करा.

दिवस मोजायचे ते प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेपासून. त्या तारखेच्या 15 दिवस किंवा त्याहून आधी अर्ज दिला तर पूर्ण फी परत; फक्त प्रक्रिया शुल्क म्हणून फीच्या 5 टक्क्यांपर्यंत, पण 5,000 रुपयांच्या आत, कापता येतं. शेवटची तारीख 15 दिवसांपेक्षा जवळ आली असेल तर 90 टक्के. तारीख उलटून 15 दिवसांच्या आत असाल तर 80 टक्के, 16 ते 30 दिवसांत 50 टक्के आणि 30 दिवसांनंतर काहीही नाही. अनामत यात धरत नाहीत. ती केव्हाही सोडलं तरी पूर्ण परत मिळते.

तुमच्याच आकड्यांवर बघा. शेवटची तारीख 14 ऑगस्ट समजू. अर्ज 27 ऑगस्टला दिला तर 45,000 चे 80 टक्के म्हणजे 36,000, वर अनामत 3,000, एकूण 39,000. तोच अर्ज 8 सप्टेंबरला दिला तर 25,500. आणि 20 सप्टेंबरला दिला तर हातात फक्त अनामतीचे 3,000. "बघू, परत जाईल कदाचित" म्हणत काढलेल्या महिन्याची ही किंमत.

तरीही आशा सोडू नका. अलीकडच्या काही वर्षांत आयोगानं त्या-त्या वर्षापुरतं वेगळं पत्रक काढून जास्तीची सवलत दिली आहे. 2024-25 साठी 30 सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी आणि 31 ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त 1,000 रुपये कापून बाकी परत, असा आदेश होता. तुमच्या वर्षाचं असं पत्रक निघालं असेल तर वरच्या टक्क्यांआधी ते लागू. ते आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं. छापून अर्जाला जोडा. प्रवेशाची शेवटची तारीखही तोंडी ऐकू नका. विद्यापीठ मुदतवाढ देतं तेव्हा ती तारीख पुढे सरकते आणि तुमचे दिवस वाढतात. त्या परिपत्रकाची प्रत मागा.

अर्ज प्राचार्यांच्या नावे, दोन प्रतींत. मुलाचं नाव, वर्ग, पीआरएन किंवा प्रवेश क्रमांक, फी भरल्याची तारीख, पावती क्रमांक, "प्रवेश रद्द करून नियमानुसार फी व अनामत परत करावी" एवढं एक वाक्य, आणि खात्याचा तपशील. सोबत पावतीची झेरॉक्स, ओळखपत्र, ग्रंथालयाचा ना-देय दाखला. मूळ पावती देऊ नका. आवक-जावक टेबलावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला कोणी टाळाटाळ केली तर तिथं हुज्जत न घालता त्याच दिवशी पोस्टात जाऊन अर्ज पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठवा आणि अर्जाची प्रत कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरही पाठवा.

अर्ज मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे असतात. नाही दिले तर आधी कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार, तिथं समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील. 2023 च्या नियमांनी ही समिती आणि लोकपाल दोन्ही बंधनकारक केले आहेत. आयोगाच्या ई-समाधान पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

इंजिनिअरिंगवाल्यांसाठी जाता जाता : कॅपमधून (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) मिळालेला प्रवेश नुसत्या कॉलेजच्या अर्जानं रद्द होत नाही. ही प्रक्रिया चालवणाऱ्या राज्य सीईटी सेलच्या लॉगिनमधून ऑनलाइन रद्द करायचा आणि त्याची सही केलेली प्रत कॉलेजात द्यायची. ठरलेल्या अंतिम तारखेच्या आत केलं तर 1,000 रुपये कापून बाकी फी परत. नंतर फक्त अनामत.

सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, 2023 चा प्रवेश. बँकेचं शैक्षणिक कर्ज 4,80,000 मंजूर, त्यातले 2,90,000 उचलले. शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी फी सुटते. वडिलांचं आजारपण निघालं, द्राक्षबाग बघायला कोणी नाही. एक वर्ष थांबायचा विचार आहे. बँक लगेच हप्ते लावेल का? व्याज अनुदान आणि शिष्यवृत्ती जाईल का?
*एक विद्यार्थी, तासगाव*

एक वर्ष थांबणं आणि कॉलेज सोडणं या बँकेच्या दृष्टीनं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही लेखी कळवलं नाही तर मात्र बँक दुसरीच धरून चालते.

बहुतेक बँका ज्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार चालतात, तिच्यात अभ्यासक्रमाचा काळ अधिक एक वर्ष एवढा मोरॅटोरियम, म्हणजे हप्ते न भरण्याची मुभा असते. कर्ज मंजूर होतानाच पहिल्या हप्त्याची तारीख संगणकात भरलेली असते. तुमचा कोर्स जून 2027 ला संपणार, म्हणजे हप्ता जुलै 2028 पासून. वर्ष थांबलात तर कोर्स जून 2028 ला संपेल आणि जुनी तारीख तशीच राहिली तर निकाल लागायच्या आत हप्ता दारात उभा. योजनेत अभ्यासक्रम पूर्ण करायला दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ देण्याची तरतूद आहे. ती आपोआप मिळत नाही. कॉलेजकडून "अमुक कारणानं या वर्षी खंड, अभ्यासक्रम जून 2028 पर्यंत पूर्ण होणं अपेक्षित" असं पत्र घ्या, सहकर्जदार म्हणून वडिलांची सही असलेला अर्ज शाखेत द्या आणि नवी तारीख बदलल्याचं बँकेचं पत्र मागा. न उचललेल्या 1,90,000 ची मंजुरी पुढच्या वर्षी चालू राहील का, हेही त्याच पत्रात लिहून घ्या.

थांबलेल्या वर्षातही व्याज चालूच असतं. 9.5 टक्के दर धरला तर 2,90,000 वर वर्षाला 27,550, महिन्याला साधारण 2,300 रुपये. या काळात ते सरळव्याजानं लागतं आणि हप्ते सुरू होताना मुद्दलात मिळतं. जमेल तसं भरत गेलात तर तेवढा बोजा कमी, शिवाय शिक्षणाच्या काळात व्याज भरणाऱ्याला दरात 1 टक्क्यापर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे.

केंद्राच्या व्याज अनुदानाला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 4.5 लाखांपर्यंत असावं लागतं. अभ्यासक्रम मध्येच सोडला तर हे अनुदान बंद होतं. अपवाद फक्त वैद्यकीय कारणाचा, तोही संस्थाप्रमुखाला पटतील अशा कागदांसह. वडिलांच्या आजारपणाला हा अपवाद लागेल, असं गृहीत धरू नका. खंडाचं वाढीव वर्ष अनुदानात धरणार की नाही, हे शाखेकडून लेखी घ्या. ते धरणार नाहीत असं समजूनच हिशेब मांडा.

परत न जाण्याची वेळ आली, तर साठलेलं व्याज धरून समजा 3,40,000 बाकीवर त्याच दरानं 10 वर्षांच्या मुदतीत महिन्याला सुमारे 4,400 रुपयांचा हप्ता बसतो. तो 90 दिवस थकला की खातं अनुत्पादित (एनपीए, म्हणजे बुडीत जाण्याच्या मार्गावरचं) ठरतं आणि डाग तुमच्याबरोबर वडिलांच्या सिबिलवरही पडतो. पुढं ट्रॅक्टरचं किंवा घराचं कर्ज काढायला गेल्यावर हे समोर येतं. हप्ता झेपत नसेल तर थकण्याआधी जाऊन मुदत वाढवून मागा. थकल्यावर तोच साहेब वेगळ्या सुरात बोलतो.

शिष्यवृत्तीचं सोपं आहे. शाहू महाराज योजनेत अभ्यासक्रमादरम्यान दोन किंवा अधिक वर्षांचा खंड चालत नाही, एक चालतो. ज्या वर्षी थांबाल, त्या वर्षी महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) नूतनीकरण भरू नका. अर्ज भरून मध्येच गेलात तर शासनाचा हप्ता अडकतो आणि कॉलेज ती अर्धी फी तुमच्या नावावर येणे दाखवतं. दाखला मागायला गेल्यावर ही बाकी निघते.

म्हणून थांबायचं कधी, हे नीट ठरवा. फळछाटणी ऑक्टोबरात, माल फेब्रुवारी-मार्चात. मन आत्ताच बागेकडे ओढणार हे समजतं. पण सेमिस्टरच्या मध्येच गेलात तर फी जाते, 75 टक्के हजेरी भरत नाही, परीक्षा हुकते आणि त्या सेमिस्टरचं क्रेडिट (पास झालेल्या विषयांचे श्रेयांक) एकही मिळत नाही. एखादा गडी लावून किंवा या हंगामापुरती बाग वाट्यानं देऊन मेपर्यंत ओढता आलं, तर सहावं सेमिस्टर पदरात पडेल आणि खंड पूर्ण वर्षाचा, स्वच्छ पडेल. तेही शक्य नसेल तर निदान पाचव्या सेमिस्टरच्या परीक्षेला बसाच. अडचण खर्चाची असेल तर अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठीचा डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मिळतो का, ते महाडीबीटीवर आधी तपासा.

2024 ला बी.कॉम.ला प्रवेश घेतला, पहिलं वर्ष पूर्ण पास झाले आणि सोडलं. आता साताऱ्यात एमआयडीसीत नोकरी करते. परत शिकायचं तर पहिल्यापासून का?
*एक वाचक, वाई*

नाही. तुम्ही नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात आहात. पहिल्या वर्षाची क्रेडिट शैक्षणिक क्रेडिट बँकेत (एबीसी, विद्यार्थ्याच्या श्रेयांकांचं ऑनलाइन खातं) सात वर्षं टिकतात, आणि बाहेर पडल्यापासून तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो. आधी अपार आयडीनं (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) त्या खात्यात लॉगिन करून क्रेडिट खरंच जमा झालीत का ते बघा. कॉलेजनं ती चढवलेलीच नसतात, असं सर्रास घडतं. मग गुणपत्रिका घेऊन परीक्षा विभागात जावं लागतं. एक वर्षानंतरचं प्रमाणपत्र हवं असेल तर 40 ते 44 क्रेडिटशिवाय 4 क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स लागतो. नुसतं वर्ष पास होऊन ते मिळत नाही.

नोकरी सांभाळून शिकायचं तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र, हे दोन रस्ते. थेट दुसऱ्या वर्षाला घेणार का, हे फी भरण्याआधी अभ्यासकेंद्राकडून लेखी घ्या. टीसी आणि विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन (जुन्या विद्यापीठाचा स्थलांतर दाखला) लागेल. खंडाचं प्रतिज्ञापत्र सेतू केंद्रातून करून मिळतं. त्यात नोकरीचा काळ लिहा आणि मधल्या काळात दुसरीकडे कुठंही प्रवेश घेतला नव्हता, हेही स्पष्ट लिहा. ते वाक्य राहिलं की अर्ज परत येतो.